#३३६६९९ निळा की तपकिरी? रंगांचे हेक्स कोड आणि बाइटांचा क्रम

प्रश्न असा आहे: वेबपेजवर #३३६६९९ लिहिलं की निळा रंग दिसतो. तीच हेक्स (सोळा पायाची) संख्या सी++ मधल्या विंडोज प्रोग्रामला ब्रशचा रंग म्हणून दिली की तपकिरी दिसतो. इंटेलचा प्रोसेसर लिटल एंडियन (लहान किंमतीचा बाइट आधी ठेवणारा) आहे, म्हणून तो बाइट उलटे करतो, असं कुणीतरी सांगितलं. मग प्रत्येक ठिकाणी बाइट उलटवणारं फंक्शन लावायचं का?

नाही, लावू नका. या तपकिरी रंगात प्रोसेसरचा काहीही हात नाही. तोच प्रोग्राम बिग एंडियन (मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) यंत्रावर चालवता आला असता तरी रंग तपकिरीच आला असता. गोंधळ होतो तो एका कारणाने: 'क्रम' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. रंग अक्षरांत लिहिण्याचा क्रम ही पहिली गोष्ट, एका पूर्णांकात कुठला रंग कुठल्या जागी बसवला ही दुसरी आणि तो पूर्णांक मेमरीत कसा उतरतो ही तिसरी. एंडियनचा संबंध फक्त तिसरीशी आहे.

पहिलीपासून सुरुवात करू. सीएसएसमधला, म्हणजे वेबपेजचं रूप ठरवणाऱ्या भाषेतला, #३३६६९९ ही संख्या नव्हे, मजकूर आहे. ब्राउझर तो डावीकडून उजवीकडे दोन-दोन अक्षरांनी वाचतो: ३३ लाल, ६६ हिरवा, ९९ निळा. हेक्समध्ये प्रत्येक स्थानाची किंमत सोळापट वाढते, म्हणून ३३ म्हणजे ३×१६+३, अर्थात ५१. त्याच हिशोबाने ६६ म्हणजे १०२ आणि ९९ म्हणजे १५३. हेक्समध्ये १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरं, म्हणून सर्वांत मोठी जोडी एफएफ, म्हणजे २५५. निळा जास्त, लाल कमी, म्हणून निळसर रंग. मजकुराला एंडियन नसतो. फाइल कुठल्याही यंत्रावर उघडा, ३ च्या आधी ९ येणार नाही.

हेक्सच का, तर एक हेक्स अंक म्हणजे नेमके ४ बिट आणि दोन अंक म्हणजे नेमका एक बाइट. हाच रंग दशमान पद्धतीत ३३६८६०१ असा लिहिला तर त्यात लाल किती हे कुणालाही नुसतं बघून सांगता येणार नाही. हेक्समध्ये बाइटांच्या सीमा डोळ्यांना दिसतात, एवढाच फायदा. 'रंग हेक्समध्ये साठवू की दशमानात?' असं नवखे लोक बऱ्याचदा विचारतात. मेमरीत दोन्हीपैकी काहीच नसतं, बिट असतात. हेक्स ही आपल्या बघण्याची सोय आहे.

आता दुसरी गोष्ट, तुमच्या तपकिरी रंगाचं मूळ. एका ३२ बिटांच्या पूर्णांकात तीन-चार रंगघटक बसवायचे तर कुणी कुठे बसायचं हे ज्याने एपीआय (प्रोग्रामांनी वापरायच्या फंक्शनांचा संच) लिहिला तो ठरवतो. विंडोजच्या जीडीआयमध्ये, म्हणजे चित्र काढणाऱ्या भागात, रंगासाठी कलररेफ नावाचा प्रकार आहे. त्याचा करार असा: सर्वांत खालचा बाइट लाल, त्याच्यावरचा हिरवा, त्याच्यावरचा निळा आणि सर्वांत वरचा शून्य. तुम्ही ३३६६९९ दिलंत. सर्वांत खालचा, म्हणजे उजवीकडचा बाइट ९९, तो लाल झाला. ३३ निळा झाला. लाल १५३, हिरवा १०२, निळा ५१, हा तपकिरीच रंग आहे. जीडीआयने तुम्ही सांगितलेला रंग अगदी बरोबर काढला. हवं होतं ते ९९६६३३. पण तसं उलटं लिहून ठेवू नका, कारण सहा महिन्यांनी वाचणारा ते 'दुरुस्त' करेल. त्यासाठी आरजीबी नावाचा मॅक्रो आहे, त्याला ५१, १०२, १५३ असे तीन आकडे वेगवेगळे द्या आणि पुढचं त्याच्यावर सोडा.

गंमत म्हणजे विंडोजच्या आतच दोन्ही करार नांदतात. बिटमॅपच्या रंगतक्त्यासाठी आरजीबीक्वाड नावाचं स्ट्रक्चर आहे. नावात आर आधी असला तरी त्यातला पहिला सदस्य निळा आहे, मग हिरवा, मग लाल, मग राखीव बाइट. बीएमपी फाइलमध्ये २४ बिटांचा पिक्सेलही निळा-हिरवा-लाल असाच पडलेला असतो. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीने चित्र वाचलं की तुमच्या हातात येतो तोही निळा-हिरवा-लाल क्रम. त्यामुळे ओपनसीव्हीचं चित्र दुसऱ्या लायब्ररीने दाखवलं की माणसांचे चेहरे निळे दिसतात. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की निळा चेहरा बघितला की मी कोड उघडायच्या आधीच रूपांतराची ओळ कुठे राहिली ते विचारतो. यातही एंडियनचा प्रश्न नाही. हा चॅनलच्या, म्हणजे रंगघटकांच्या, क्रमाचा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट, मेमरी. समजा लाल ३३, हिरवा ६६, निळा ९९ आणि अल्फा, म्हणजे अपारदर्शकता, ८०. अल्फा सर्वांत वर ठेवणाऱ्या करारात पूर्णांक झाला ८०३३६६९९. तो मेमरीत ठेवताना लिटल एंडियन यंत्र सर्वांत लहान किंमतीचा बाइट पहिल्या पत्त्यावर ठेवतं. पत्ते चढत्या क्रमाने वाचले तर दिसेल ९९, ६६, ३३, ८०. बिग एंडियन यंत्रावर दिसेल ८०, ३३, ६६, ९९. दोन्हीकडे संख्या तीच, किंमत तीच. आपण बत्तीस म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि ३२ लिहिताना तीन आधी लिहितो, पण त्यामुळे बत्तीसचे तेवीस होत नाहीत. तसंच हे.

उलटतात ते बाइट, अंक नव्हेत. १२३४५६७८ ही हेक्स संख्या उलट्या क्रमाने ठेवली तर ७८ ५६ ३४ १२ अशी दिसते. ८७६५४३२१ अशी कधीच नाही. आमच्या ३३-६६-९९ मध्ये ही चूक लपून राहते, कारण जोडीतले दोन्ही अंक सारखेच आहेत. चाचणीसाठी असे रंग घेऊ नका.

इथे एक नियम नीट पक्का करा, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. शिफ्ट, अँड, ऑर या बिटांवरच्या क्रिया किंमतीवर चालतात, मेमरीवर नव्हे. अल्फा सर्वांत वर ठेवणाऱ्या करारातून लाल काढायचा तर

(रंग >> १६) & २५५

हिरव्यासाठी ८, निळ्यासाठी ०, अल्फासाठी २४. हे इंटेलवर, एआरएमवर, मॅकवर किंवा मेनफ्रेमवर अगदी तेच उत्तर देईल. 'उजवीकडे सरकवा' यातला उजवा म्हणजे कमी किंमतीची बाजू. तो पत्त्यांमधला उजवा नव्हे. त्यामुळे शिफ्ट करणाऱ्या कोडमध्ये यंत्राचा एंडियन तपासण्याची अट दिसली तर समजावं की लिहिणाऱ्याने कुठेतरी दोन गोष्टी एक केल्या आहेत.

मग एंडियन आडवा कधी येतो? पूर्णांकाचे बाइट होतात किंवा बाइटांचा पूर्णांक होतो तेव्हाच. पूर्णांकाच्या पत्त्याकडे बाइटचा पॉइंटर म्हणून बघितलं, पूर्णांक जसाच्या तसा फाइलमध्ये लिहिला, नेटवर्कवर पाठवला, बाइटांचा बफर ग्राफिक्स कार्डाला दिला, अशा ठिकाणी. प्रोग्राममध्ये ही दारं मोजकीच असतात, आणि क्रमाची काळजी त्या दारांवरच घ्यायची.

ब्राउझरमधलं एक दार जवळून बघू. कॅनव्हासमधून, म्हणजे वेबपेजवरच्या चित्र काढायच्या जागेतून, पिक्सेल काढले की बाइटांचा अ‍ॅरे मिळतो. त्यात क्रम ठरलेला आहे: लाल, हिरवा, निळा, अल्फा, आणि तो सगळ्या यंत्रांवर तसाच असतो. आमचा निळा पूर्ण अपारदर्शक असेल तर बाइट होतील ३३, ६६, ९९, एफएफ. आता वेगासाठी कुणीतरी त्याच बफरवर ३२ बिटांच्या पूर्णांकांचा अ‍ॅरे बसवतं, म्हणजे एका फेरीत एक पूर्ण पिक्सेल. लिटल एंडियन यंत्रावर तो पूर्णांक वाचला जातो एफएफ९९६६३३. अल्फा वर, मग निळा, मग हिरवा, लाल सर्वांत खाली. तुम्ही शिफ्ट १६ करून 'लाल' काढलात तर हाती निळा येईल. हा खराखुरा एंडियनचा प्रश्न. आज फोन आणि लॅपटॉप जवळपास सगळे लिटल एंडियन असल्यामुळे हा कोड लिटल एंडियनच गृहीत धरून चालतो, पण गृहीत धरलंय हे त्या ओळीवर कॉमेंटमध्ये लिहा.

फाइल फॉरमॅटवाल्यांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. पीएनजीमध्ये सगळे पूर्णांक मोठा बाइट आधी अशा नेटवर्क क्रमाने असतात. १६ बिटांचा रंगघटक असेल तर त्यालाही हेच लागू, आणि लिटल एंडियन यंत्रावर तो थेट मेमरीत वाचला तर चित्रभर रवाळ गोंगाट दिसतो. बीएमपीची शीर्षकं लहान बाइट आधी. टिफ सगळ्यांत उदार: फाइलचे पहिले दोन बाइट 'आयआय' असतील तर लिटल, 'एमएम' असतील तर बिग. इंटेल आणि मोटोरोला या दोन घराण्यांच्या खुणा आहेत त्या. त्यापुढे ४२ ही संख्या असते, ती वाचणाऱ्याने त्याच क्रमाने वाचून बरोबर येते का हे बघायचं. कल्पना चांगली, पण किंमत वाचणाऱ्याला मोजावी लागते: टिफ वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला दोन्ही क्रम यावे लागतात. मी नवा फॉरमॅट आखला तर एकच क्रम ठरवीन आणि दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर लिहीन.

आता फॉरमॅटची नावं, म्हणजे खरी डोकेदुखी. 'एआरजीबी' असं नाव दिसलं तर ते संख्येतला क्रम सांगतंय की मेमरीतला? दोन्ही प्रथा चालू आहेत. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडी ९ या ग्राफिक्स एपीआयमध्ये ए८आर८जी८बी८ नावाचा फॉरमॅट आहे, त्यात नाव पूर्णांकाच्या वरच्या बाजूपासून वाचायचं. पुढे त्याच घराण्यातल्या डीएक्सजीआयमध्ये बी८जी८आर८ए८ आला, त्यात नाव मेमरीतल्या पहिल्या बाइटपासून वाचायचं. लिटल एंडियन यंत्रावर हे दोन्ही एकच आहेत! नाव बरोबर उलटं, बाइट तेच. क्यूटी या लायब्ररीमध्ये तर एकाच यादीत दोन्ही प्रथा आहेत: एआरजीबी३२ पूर्णांकावरून नाव, आरजीबीए८८८८ बाइटांवरून नाव. अँड्रॉइडवर जावामध्ये रंगाचा पूर्णांक अल्फा-लाल-हिरवा-निळा आणि बिटमॅपच्या फॉरमॅटचं नावही एआरजीबी, पण नेटिव्ह (सी/सी++) कोडमधून तोच बिटमॅप उघडला की बाइट लाल-हिरवा-निळा-अल्फा असे दिसतात आणि तिथे फॉरमॅटचं नावही आरजीबीए. नावावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. दस्तऐवजात 'पूर्णांक म्हणून' की 'बाइटच्या क्रमाने' हे शब्द शोधा. नाही सापडले तर एक पिक्सेल लिहून हेक्स डंप, म्हणजे मेमरीतले बाइट ओळीने छापून, बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

अल्फा मजकुरातही घोळ घालतो. सीएसएसच्या आठ अंकी कोडात अल्फा शेवटी: #३३६६९९८० म्हणजे आपला निळा, साधारण ५० टक्के अपारदर्शक. अँड्रॉइडच्या एक्सएमएलमध्ये अल्फा आधी. डिझायनरने वेबसाठी दिलेला कोड जसाच्या तसा तिकडे चिकटवला तर ३३ अल्फा होतो (बरोबर २० टक्के), ६६ लाल, ९९ हिरवा, ८० निळा. पडद्यावर अगदी फिकट, हिरवटसर काहीतरी येतं, आणि त्रुटी कुठेच दाखवली जात नाही, कारण कोड दोन्हीकडे वैध आहे. तिकडे लिहायचं #८०३३६६९९.

अशा मुकाट चुकांमध्ये माझ्या मते सर्वांत बेरकी पुढची. #००६६९९ हा रंग पूर्णांक म्हणून ठेवला की होतो २६२६५. तो परत हेक्समध्ये छापला की पुढची शून्यं गळतात आणि उरतं ६६९९. समोर # जोडून सीएसएसला दिलं. पूर्वी ब्राउझर असा चार अंकी कोड टाकून देत असे. आता चार अंकी कोड वैध आहे: लाल, हिरवा, निळा, अल्फा यांचा प्रत्येकी एक अंक, आणि प्रत्येक अंक दोनदा लिहिल्यासारखा धरायचा, जसं #३६९ म्हणजे #३३६६९९. तेव्हा #६६९९ म्हणजे लाल ६६, हिरवा ६६, निळा ९९, अल्फा ९९, म्हणजे ६० टक्के. गडद निळ्याऐवजी अर्धवट पारदर्शक जांभळट राखाडी. हा दोष फक्त काही रंगांनाच होतो, म्हणून चाचणीत सापडत नाही. छापताना सहा अंकांपर्यंत डावीकडे शून्यं भरा, कायम.

दुसरी मुकाट चूक चिन्हाची. जावामध्ये पूर्णांकाला अधिक-उणे चिन्ह असतं. पूर्ण अपारदर्शक निळा, म्हणजे अल्फा एफएफ, दशमानात छापला तर येतो -१३४०८६१५. लोक घाबरतात, पण बिट बरोबर असतात. फक्त अल्फा काढताना नुसतं >> २४ केलं तर चिन्ह पसरतं आणि २५५ ऐवजी -१ मिळतो. म्हणून & २५५ विसरू नका, किंवा चिन्ह न पसरवणारा >>> वापरा. जावास्क्रिप्टमध्येही बिटच्या क्रिया चिन्हासह ३२ बिटांवर चालतात. तिथे हाच रंग हेक्स मजकुरात बदलला तर '-सीसी९९६७' असं अगम्य काहीतरी बाहेर पडतं. आधी >>> ० करा, मग छापा.

आता निदान कसं करायचं ते. पांढरा, काळा आणि राखाडी रंग चाचणीला निरुपयोगी, कारण रंगघटक सारखे असले की अदलाबदल दिसतच नाही. लाल आणि निळा यांची अदलाबदल झाली असेल तर शुद्ध हिरवा आणि किरमिजी (लाल आणि निळा सारखेच असलेला) हेही काही सांगत नाहीत. लाल १२, हिरवा ३४, निळा ५६ असा एक पिक्सेल घ्या, अल्फा आधी एफएफ ठेवा. अल्फा कमी ठेवला तर काही लायब्ऱ्या रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवतात, मग आकडे बदलतात आणि तुम्ही नसलेल्या दोषाच्या मागे लागता. चित्रावर लाल झाक असून निळा जिथे कमी तिथे ते पारदर्शक होत असेल, तर अल्फा पहिला असलेले बाइट कुणीतरी लाल पहिला समजून वाचतंय. तिरप्या रेघा आणि इंद्रधनुषी पट्टे दिसले तर क्रमाच्या मागे लागूच नका, एका पिक्सेलला तीन बाइट की चार यात किंवा ओळीच्या शेवटी भरलेल्या बाइटांत गफलत आहे. बीएमपीमध्ये प्रत्येक ओळ चारच्या पटीत भरलेली असते, ते इथे हमखास नडतं.

मायक्रोकंट्रोलरला जोडायच्या छोट्या टीएफटी पडद्यांवर काम करणाऱ्यांसाठी मात्र खरा एंडियनचा प्रश्न रोजचा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. तिथे रंग १६ बिटांत बसवतात: लाल ५, हिरवा ६, निळा ५. हिरवा दोन बाइटांमध्ये चिरला जातो, वरचे तीन बिट एका बाइटात आणि खालचे तीन दुसऱ्यात. पडदा बहुधा मोठा बाइट आधी मागतो आणि मायक्रोकंट्रोलर लहान बाइट आधी ठेवतो. शुद्ध लाल म्हणजे एफ८००. बाइट उलटले की ००एफ८. बिट मांडून बघा: लालाला ०, हिरव्याला ६३ पैकी ७, निळ्याला ३१ पैकी २४. म्हणजे निळा दिसतो, आणि बघणारा ठामपणे म्हणतो की लाल-निळ्याची अदलाबदल झाली. मग तो कोडात लाल आणि निळा बदलतो, आता दुसरंच काही बिघडतं, आणि संध्याकाळ जाते.

हिरवा तपासा. शुद्ध हिरवा ०७ई०, उलटला की ई००७: लाल ३१ पैकी २८, हिरवा ०, निळा ७. हिरव्याच्या जागी लालभडक दिसला की दोष बाइटांच्या क्रमात आहे. हिरवा हिरवाच राहिला आणि फक्त लाल-निळे बदलले, तर दोष चॅनलच्या क्रमात. शुद्ध निळा उलट्या बाइटांत जवळपास हिरवा दिसतो, त्यावरून खात्री करून घेता येते. पांढरा आणि काळा दोन्ही प्रकारांत जसेच्या तसे राहतात, म्हणून पांढऱ्यावर काळी अक्षरं छापून 'पडदा चालतोय' असं ठरवू नये.

दुरुस्त्याही वेगळ्या. बाइटांचा क्रम लायब्ररीच्या सेटिंगमध्ये किंवा तुमच्या कोडात, पण दोनपैकी एकाच जागी उलटवा. दोन्हीकडे केलंत तर पहिल्या घरी परत याल. चॅनलचा क्रम मात्र पडद्याच्या कंट्रोलरमध्येच असतो. आयएलआय९३४१ या प्रचलित चिपमध्ये ३६ हेक्स या कमांडने जो बाइट जातो, त्यात लाल-निळ्याच्या अदलाबदलीचा स्वतंत्र बिट आहे. आधी हिरवा हिरवा दिसेपर्यंत बाइट सरळ करा, तोवर त्या बिटाला हात लावू नका.